काजू आमचा, मग पश्मिना कोणाची?

डिसेंबरात पुण्याची नणंद आली होती चार दिवस, मुलांना घेऊन. संध्याकाळी कळंगुटहून परतली ती हातात पिशव्या घेऊनच, म्हणाली वहिनी बघ, ओरिजिनल पश्मिना, पाचशेला एक, तीन घेतल्या म्हणून चौदाशेला दिल्या. दुकानदाराने म्हणे तिच्याच बोटातली अंगठी मागून घेतली आणि अख्खी शाल त्यातून सर्रकन ओढून दाखवली. कोपऱ्यात लेबल पण होतं, शंभर टक्के पश्मिना, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात शंभर टक्के सिल्क. म्हणजे एकूण दोनशे टक्के. मी काही बोलले नाही, पाहुणी माणूस, आणि रंग खरंच छान होते.

जेवणं आटपल्यावर तीच म्हणाली, खरी आहे ना गं? मग तिच्यासमोरच झालरीचा एक धागा काढला आणि चिमट्यात धरून गॅसवर नेला. भुरकन पेटला, रद्दी जळल्यासारखा वास आला आणि ओट्यावर हलकीशी राख पडली, बस. केस जळाल्याचा वास नाही. म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून बनवतात ते. ॲक्रिलिक असतं तर वितळून कडक मणी झाला असता. लोकर असो की पश्म (बकरीचा तो मऊ केस, ज्याची पश्मिना होते), जनावराचा केस सहजासहजी पेटत नाही आणि जळताना केसासारखाच घाण वास मारतो. एवढी परीक्षा घरच्या गॅसवर होते, पुढे ती मेंढीची लोकर आहे की बकरीचा पश्म हे मात्र मायक्रोस्कोपखालीच कळतं. आणि अंगठीचं म्हणाल तर अंगठीतून जाणारी शाल ही मुळात शाहतूशची ख्याती, ती चिरू नावाच्या तिबेटी हरणाच्या केसांची, जनावर मारल्याशिवाय ते केस मिळत नाहीत म्हणून त्याच्यावर बंदी आहे. व्हिस्कोसचं पातळ कापड पण अंगठीतून आरामात जातं, माझी ओढणी जाते की. अंगठीने काहीच सिद्ध होत नाही, फक्त गिऱ्हाईक खूश होतं.

नणंद हसली, म्हणाली जाऊ दे, ऑफिसात द्यायच्यात, कोणाला कळतंय. खरं सांगते, मला त्या "कोणाला कळतंय" चाच राग आला, तिचा नाही. कारण आमच्याकडे खरी आहे एक. सावंतवाडीचे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ऐंशीच्या दशकात लेहला पोस्टिंग होतं तेव्हा आईसाठी आणली होती. साधी, बदामी रंगाची, नक्षी नाही काही नाही. आई जानेवारीतले तीन-चार दिवस पहाटे देवळात जाताना घ्यायची, बाकी वर्षभर ती ट्रंकेत, जुन्या साडीत गुंडाळून, डांबरगोळ्या घालून. तरी कसर लागलीच एक वर्षी, गोव्याच्या दमटपणात लोकरीचं काही टिकवणं म्हणजे शिक्षाच, पावसाळ्यात बुरशी आणि उन्हाळ्यात कसर. पण ती शाल खांद्यावर टाकली की दोन मिनिटांत जी ऊब येते ती नणंदेच्या तिन्ही शाली एकावर एक घेऊन येणार नाही.

ही ऊब कुठून येते ते कळलं की पाचशे रुपयांचा हिशोब आपोआप लागतो. लदाखच्या चांगथांग पठारावर, साधारण चौदा हजार फुटांच्या वर, चांगपा नावाचे भटके पशुपालक आहेत, त्यांच्या बकऱ्या या. हिवाळ्यात तिथे पारा उणे ३० च्या खाली जातो, म्हणून या बकरीला वरच्या राठ केसांच्या आत दुसरा मऊ थर येतो, तोच पश्म, बाहेरच्या जगात त्यालाच कॅशमिअर म्हणतात. त्याचा एक केस १२ ते १५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, आपल्या डोक्यावरचा साधारण ७० मायक्रॉन धरा. उन्हाळा लागला की हा थर आपोआप सुटायला लागतो, तेव्हा बकरीला आडवी पाडून, पाय बांधून, लोखंडी दातांच्या फणीने विंचरून काढतात. मेंढीसारखं कातरून चटकन मोकळं होता येत नाही, एकेका जनावरापाशी बराच वेळ बसावं लागतं. एवढं करून एका बकरीमागे वर्षाला मिळतात अडीचशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातले राठ केस, धूळ, चिकट मेण काढून टाकलं की निम्म्याहूनही कमी उरतं. आता बघा, दोन मीटर बाय एक मीटरची शाल म्हणजे दीड-दोनशे ग्रॅम. म्हणजे दोन बकऱ्यांची वर्षभराची थंडी एका शालीत. स्वेटर असेल तर तीन-चार बकऱ्या. त्याच्यावर श्रीनगरच्या बायकांनी चरख्यावर कातायचं, मग हातमागावर विणायचं. हे सगळं पाचशे रुपयांत, शिवाय त्यात दुकानदाराचं भाडं आणि टॅक्सीवाल्याचं कमिशन. मासळी बाजारात कोणी शंभर रुपयांत इसवण (सुरमई) देतो म्हणाला तर आपण आधी कल्ले उघडून बघतो की नाही? इथे बघत नाही.

मला माहितीये यावर लगेच काय म्हणणार. की बाई, पश्मिना हे आता नावच झालंय, त्या आकाराच्या ओढणीला सगळं जग पश्मिना म्हणतं. बरोबर आहे, नव्वदच्या दशकात युरोप-अमेरिकेत पश्मिनाची लाट आली, तेव्हापासून हे नाव कशालाही चिकटवतात. पण मग हाच न्याय काजूला लावायचा का? गोव्यात वर्षानुवर्षं ओरड चाललीये की बाहेरून आलेली बी, आफ्रिकेतून आलेली बी फोडून, भाजून वर गोवा काजू म्हणून पाकिटं विकतात, पर्यटक फसतो आणि आमच्या सत्तरी-सांग्याच्या बागायतदाराला भाव मिळत नाही. ही ओरड खरी आहे, मी पण करते. फेणीला २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा केवढा आनंद झाला होता आपल्याला, काजूला पण मिळालंय. (आता तसं म्हटलं तर काजू तरी कुठे आमचा, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणून लावलेलं झाड ते, पण चारशे वर्षं सांभाळलं की आपलं होतं, पोरांसारखं.) तेव्हा आपण काय म्हणालो? की नाव हे त्या मातीचं आणि त्या हातांचं आहे, ते कोणीही उचलून वापरू नये.

मग काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे आपल्या फेणीच्याही आधी. त्यात स्पष्ट आहे की पश्म १६ मायक्रॉनपर्यंतचा पाहिजे, हाताने कातलेला आणि हाताने विणलेला पाहिजे. लदाख पश्मिनाला वेगळं जीआय २०२३ मध्ये मिळालं. भारतीय मानक ब्युरोने २०१९ साली पश्मिना ओळखायची कशी आणि त्यावर लेबल काय लावायचं याचं मानक काढलं. श्रीनगरला टेस्टिंग सेंटर आहे, तिथे तपासून शालीला लेबल लावून देतात. जीआयचा कायदा १९९९ चा, खोटं नाव लावणाऱ्याला त्यात तुरुंगाची सुद्धा तरतूद आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. आणि आपल्या किनाऱ्यावर, बागा काय, हणजुणे काय, कोलवा काय, पाळोळे काय, दर दहा पावलांवर तो कायदा हँगरला लटकतोय. काजूच्या पाकिटावरून तावातावाने बोलणारा आपला माणूस त्याच रांगेतल्या गाळ्याचं भाडं घेतो आणि आत काय विकलं जातं ते त्याला दिसत नाही. दुसऱ्याचं नाव चोरलं की तो धंदा आणि आपलं चोरलं की अस्मिता, हे मला पटत नाही. माझं एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळा फाफटपसारा.

आता इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण फेसबुकवर हा विषय निघाला की तिसऱ्या कमेंटला भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, हाकला सुरू होतं. मी त्यातली नाही. त्याचं कारण ती कसर लागलेली शालच आहे. आईच्या शालीला चवलीएवढं भोक पडलं होतं, ते मी दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात घेऊन गेले, रफू करणारा कोणी माहीत आहे का विचारायला. दुकानात बाहेर तीच पाचशेवाली रांग. आतल्या काश्मिरी माणसाने शाल हातात घेतली आणि बोलायचाच थांबला. उजेडात धरली, कडेचा धागा दोन बोटांत फिरवला, गालाला लावली. मग कोकणीत, अगदी आपल्या बार्देशी कोकणीत म्हणाला, ही हाताची आहे, आता अशी कातत नाहीत. म्हणाला माझी आई कातायची, खिडकीपाशी बसून, आम्ही झोपायचो तेव्हा पण चरखा चालू आणि उठायचो तेव्हा पण. मजुरी परवडेना म्हणून मग बायकांनी चरखे माळ्यावर टाकले. मशीनवर हा केस एकटा टिकत नाही, तुटतो, म्हणून त्यात नायलॉन मिसळून कातायचं आणि कापड झाल्यावर ॲसिडने नायलॉन विरघळवायचं असंही करतात, कापड मऊ लागतं पण आयुष्य गेलेलं असतं. हे सगळं तो मला सांगतोय आणि त्याच्या मागे भिंतभर व्हिस्कोस.

मी विचारलं, मग खरी का नाही ठेवत. त्याने ड्रॉवरमधून दोन काढून दाखवल्या, सर्टिफिकेटवाल्या. म्हणाला ताई, सीझनला दोन जातात, कधी एक. शेजारचा पाचशेला पश्मिना म्हणून देतो, तिथे मी वीस हजार सांगितले तर गिऱ्हाईक मलाच चोर म्हणतं. मग तुझ्या त्या पाचशेवालीवर व्हिस्कोस म्हणून लिही ना, मी म्हटलं. तर म्हणाला, लिहितो, पण आधी शेजाऱ्याला लिहायला लावा, मग त्याच्या शेजाऱ्याला. एकट्याने खरं लिहून भाडं निघत नाही. भाडं किती ते त्याने सांगितलं, आकडा मी इथे लिहीत नाही, पण ऐकून मला माझ्याच गावच्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, लाज वाटली. रफू चार दिवसांत करून दिलं. भोक कुठे होतं ते आता मला सापडत नाही, आणि पैसे घेतले नाहीत.

म्हणून या माणसाला धरून मारा असं मला म्हणायचंच नाहीये. खोटं नाव लावलं की सगळ्यात आधी मरतो तो खरा माल ठेवू पाहणारा दुकानदार, मग श्रीनगरची कातणारी बाई आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर चांगथांगात, बकरीवाला. पर्यटक फारसा मरत नाही हो, त्याला पाचशेत रंगीत ओढणी मिळते, आणि व्हिस्कोसची ओढणी वाईट नसतेच, आपल्या हवेला तर लोकरीपेक्षा बरीच. वाईट आहे ते नाव. त्या बकरीवाल्याचं आधीच कठीण चाललंय, २०१२-१३ च्या हिवाळ्यात अवेळी एवढा बर्फ पडला की चारा गाडला गेला आणि हजारोंनी जनावरं मेली, सीमेजवळची कुरणं आता पहिल्यासारखी मोकळी राहिली नाहीत, तरुण पोरं बकऱ्या विकून लेहच्या कडेला वस्त्या करून राहतायत, मजुरीला, ड्रायव्हरकीला. चांगथांगातल्याच खर्नाकच्या लोकांची तर लेहजवळ खर्नाकलिंग म्हणून अख्खी वसाहतच आहे. सत्तरी-धारबांदोड्यातल्या आपल्या धनगरांना विचारा, चराईचं रान एकेक करून बंद झालं की काय होतं, त्यांना हे भाषांतर करून सांगावं लागणार नाही. आणि तरीही बकरीवाल्याला बांधून ठेवणारी एकच गोष्ट असते, की आपल्या मालाला जगात दुसरं काही तोडीस तोड नाही आणि त्याचा भाव मिळेल. तेच नाव आपण इथे समुद्रावर पाचशेला वाटतो.

स्वेटरचं प्रकरण जरा वेगळं आहे. मोरजी-हरमलकडे रशियन पाट्यांच्या दुकानांत कॅशमिअर म्हणून स्वेटर लटकलेले असतात, मे महिन्यात सुद्धा, बघूनच घाम येतो. त्यातले बरेच ॲक्रिलिक असणार, हात लावला की केसांना करंट बसल्यासारखं होतं. पण समजा खरं कॅशमिअर स्वस्तात मिळालं तर? तिथे दुसरा घोळ आहे. जगातलं बहुतेक कॅशमिअर चीन आणि मंगोलियातून येतं, लदाखचा वाटा एक टक्क्याहून कमी. मंगोलियात १९९० नंतर कळप खाजगी झाले, कॅशमिअरला रोकडा भाव, त्यामुळे बकऱ्यांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास होती ती काही पटींनी वाढली, आणि बकरी गवत मुळापर्यंत खाते, गवताळ रान उघडं पडत चाललं. वर कडक हिवाळा आला, त्याला ते झुद म्हणतात, की उपाशी जनावरं लाखांनी मरतात. २००९-१० च्या झुदमध्ये ऐंशी लाखांच्या वर मेली. मॉलमध्ये कॅशमिअर स्वेटर तीन-चार हजारांना मिळतो तेव्हा ही स्वस्ताई कोणाच्या तरी रानातून काढलेली असते. म्हणजे खोटा स्वस्त आणि खरा स्वस्त, दोन्ही बाजूंनी मार बकरीवाल्यालाच. या मालाला महाग असण्यावाचून गत्यंतर नाही, हे एकदा मान्य केलं की बाकी सोपं होतं, महाग आहे म्हणून आपण घेणार नाही, ठीक आहे, मी पण घेत नाही. हापूस महाग म्हणून आपण तोतापुरीला हापूस म्हणतो का? (काही लोक म्हणतात, रत्नागिरीवाल्यांना विचारा.)

माझ्या एका चुलत दिराला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला मग आपणच पाळूया की या बकऱ्या वाळपईला, जमीन पडून आहे, यूट्यूबवर बघितलंय. अरे बाबा, ती बकरी चौदा हजार फुटांवरची, कोरड्या थंडीतली, तिला आपल्या तीन हजार मिलिमीटर पावसात आणलीस तर पहिल्याच आषाढात तिचे खूर कुजतील, आणि ती पश्म पांघरणार कशासाठी? आपल्याकडे सिंधुदुर्गाची कोकण कन्याळ आहे, ती पाळ, मटणाला चांगली. प्रत्येक गोष्ट गोव्यात पिकली पाहिजे असं नाही. विकायची मात्र तिच्या खऱ्या नावाने.

तर करायचं काय. धाडी नकोत, आधीच सांगते. धाड म्हणजे आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीये, दोन दिवस शटर डाउन आणि तिसऱ्या दिवसापासून हप्ता वाढतो, वसूल होतो तो शालीच्या किमतीतूनच. सुरुवात लेबलपासून व्हावी. प्रत्येक नगावर धागा कशाचा ते मराठी-कोकणी-इंग्रजीत, जमलं तर रशियनमध्ये सुद्धा, व्हिस्कोस तर व्हिस्कोस, लोकर तर लोकर. पंचायत दुकानाला ट्रेड लायसन्स देते, दरवर्षी रिन्यू करते, त्याच कागदावर ही एक अट टाकायला कोणाची ना असायची गरज नाही. पर्यटन खात्याने सीझनमध्ये गुपचूप दहा-वीस नग विकत घेऊन लॅबला पाठवावेत आणि निकाल दुकानाच्या नावासकट लावावा, पोलीस पाठवायची गरज नाही. आणि पश्मिना हा शब्द वापरायचा तर तपासणीचं लेबल दाखवा, नसेल तर शाल म्हणा, स्टोल म्हणा, काहीही म्हणा. यात तो रफूवाला दुकानदार पहिला सुटेल, कारण त्याची अडचण एवढीच होती की सगळ्यांनी एकदम लिहिलं पाहिजे. हे एकट्या दुकानदाराला शक्य नाही, म्हणून तर सरकार लागतं.

दाबोळी आणि मोपा दोन्ही विमानतळांवर काजू-फेणीचे स्टॉल आहेत, तिथे एक कोपरा लदाखच्या आणि काश्मीरच्या सर्टिफाइड मालाला द्यायला काय हरकत आहे, आणि त्याच्या बदल्यात लेहच्या विमानतळावर आपला खरा काजू ठेवा म्हणावं. हसू नका, तिकडे काजू लागतो, थंडीत खिशात घेऊन फिरतात, मामा सांगायचे.

भाटकारांचं काय हा प्रश्न राहतोच. गाळा भाड्याने दिला म्हणजे आत काय चालतं त्याची जबाबदारी संपली असं कायद्याने असेलही, पण गावात आपण तसं मानतो का? आपल्या गाळ्यात कोणी मटका चालवला तर गाव त्या मालकाला विचारतंच ना. भाडेकरारात एक ओळ घालायची की मालावर खोटं नाव लावलं तर करार संपला, आणि त्याच वेळी भाडं असं ठेवायचं की खरा माल विकून माणूस जगेल. ही दुसरी अट जास्त जड जाणार हे मला कळतंय.

आमच्या गावची ग्रामसभा पुढच्या रविवारी आहे. लेबलच्या अटीचा ठराव म्हणून अर्ज दिलाय मी, मुदतीत, पोच घेऊन, कारण मागच्या वेळी कचऱ्याचा विषय मिळालाच नाही म्हणाले होते. रस्त्याकडेच्या सोळा गाळ्यांपैकी सहा दोन पंचांच्या घरातले आहेत, ते पहिल्या रांगेत बसतात. आईची शाल आणि नणंदेच्या तीनपैकी एक शाल (इथेच विसरून गेली ती) दोन्ही पिशवीत घातल्यात, आणि एक काडेपेटी.